कोसीच्या जुन्या धारा

१/ १८ ऑगस्ट २००८. नेपाळमधील कुसहा गावाजवळ कोसी नदीचा पूर्वेकडील बांध फुटला. नदीला त्या दिवशी महापूर आलेला नव्हता. साडेनऊ लाख क्युसेक पाणी पेलण्यासाठी रचलेला बांध त्याच्या सुमारे एकषष्ठांश प्रवाहाने फुटला आणि एकट्या बिहारमध्ये तीस लाखांहून अधिक लोकांना त्याचा फटका बसला. हे कसे घडले, ते समजून घेण्यासाठी नदीच्या जन्मापासून सुरुवात करावी लागते.

२/ सुनकोसी, अरुण आणि तमोर या तीन नद्या पूर्व नेपाळातील त्रिवेणी येथे एकत्र येतात आणि कोसी सिद्ध होते. अरुण तर तिबेटातून येते. हिमालय उंचावत असतानाच ती त्याला कापत राहिली, असे अनेक भूवैज्ञानिक मानतात. एव्हरेस्ट आणि कांचनगंगेच्या परिसरातील झिजलेला खडक याच पाण्याबरोबर खाली उतरतो.

३/ चतरा येथे नदी डोंगरातून सपाटीवर येते. उतार एकाएकी कमी होतो, वेग मंदावतो आणि गाळ खाली बसू लागतो. वर्षानुवर्षे पात्र उथळ होते, उंचावते. मग एखाद्या पुरात दुबळा काठ फुटतो आणि नदी शेजारच्या सखल जमिनीत शिरते. कालांतराने ती वाटही भरून येते, आणि नदी आणखी तिसरी शोधते.

४/ हजारो वर्षांच्या या क्रमातून उघडलेल्या पंख्यासारखे विस्तीर्ण मैदान तयार झाले. त्याची मूठ चतऱ्याला आणि कड गंगेकाठी. सुपौल, सहरसा, मधेपुरा, अररिया, पूर्णिया हे जिल्हे याच मैदानावर वसले आहेत. ज्या जमिनीवर नदी ‘घुसली’ असे आपण म्हणतो, ती जमीन मुळात नदीनेच आणून घातलेली आहे.

५/ अठराव्या शतकात बंगालचे सर्वेक्षण करणाऱ्या जेम्स रेनेलने कोसी पूर्वी पूर्णियाजवळून वाहत असल्याची नोंद केली. विसाव्या शतकाच्या मध्यास ती तेथून शंभर किलोमीटरहून अधिक पश्चिमेस होती. त्यावरून ‘सतत पश्चिमेकडे सरकणारी नदी’ अशी तिची ओळख रूढ झाली.

६/ परंतु १८९५ मध्येच एफ. ए. शिलिंगफर्ड यांनी वेगळा विचार मांडला होता: ही नदी पश्चिमेकडे जाते, तशी पुन्हा पूर्वेकडेही परतते. अलीकडे काही अभ्यासकांनी जुने नकाशे शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा त्यांनाही एकाच दिशेचा प्रवास दिसला नाही. दिसल्या त्या आलटून पालटून वापरलेल्या अनेक वाटा.

७/ या सोडून दिलेल्या वाटांना तेथील लोक ‘धार’ म्हणतात. उन्हाळ्यात त्या कोरड्या किंवा डबक्यांसारख्या दिसतात. लोक त्यांत शेती करतात, त्यांवरून रस्ते नेतात. नदी गेलेली असते, पण तिने कोरलेला सखल मार्ग तेथेच राहिलेला असतो.

८/ नदीच्या अशा लहरींची किंमत किती? १८८७ मध्ये निर्मली आणि भपटियाही यांना जोडणारा लोहमार्ग झाला. १९३४ चा पूर आणि भूकंप यांत तो नष्ट झाला. कोसीवर नवा रेल्वेपूल होऊन त्याचे उद्घाटन व्हायला २०२० साल उजाडले. तब्बल ८६ वर्षे!

९/ २५ एप्रिल १९५४ रोजी भारत आणि नेपाळ यांच्यात कोसी करार झाला. पुढील दशकभरात दोन्ही काठांनी मातीचे लांबच लांब बांध उभे राहिले आणि भीमनगरला बॅरेज झाले. नदी एका वाटेत जखडली गेली. दोन बांधांच्या मध्ये सापडलेली शेकडो गावे मात्र दरवर्षीच्या पुराच्या स्वाधीन झाली.

१०/ नदीला बांध घातला तरी गाळ थांबला नाही. पूर्वी मैदानभर पसरणारा गाळ आता दोन बांधांमध्येच साचू लागला. पात्र उंचावत गेले. बांधाबाहेरची, ‘सुरक्षित’ मानलेली जमीन त्या मानाने सखल राहिली. कुसहाला जे फुटले, त्यामागे देखभालीतील हयगय होतीच. पण त्याची तयारी अर्धशतक चालली होती.

११/ बांध फुटताच पाणी पूर्वेकडील जुन्या धारांनी धावले. मधेपुरा, सुपौल, अररियातील ज्या गावांत पूर येतो तो, बांधाच्या भरवशावर वाढलेल्या पिढीने आपल्या अंगणात कोसी कधी पाहिलीच नव्हती. घरे, रस्ते, शेते धारांच्या तोंडावर उभी होती.

१२/ जानेवारी २००९ मध्ये भगदाड बुजवून नदीला पुन्हा बांधांच्या आत वळवण्यात आले. गाळ त्यानंतरही साचतोच आहे. पुढच्या वेळी कोसी कोणती धार निवडेल, हे कोणालाच सांगता येणार नाही. त्या धारा कोठे कोठे आहेत, हे मात्र आजच सांगता येते. घर, शाळा आणि रस्ता बांधण्यापूर्वी तेवढे जरी पाहिले, तरी पुष्कळ जीव वाचतील.