काच फुटायला सव्वासात तास

सॅन फ्रान्सिस्को शहरात २०१७ या एका वर्षात गाड्या फोडून सामान चोरल्याच्या ३१ हजारांहून अधिक तक्रारी नोंदल्या गेल्या. दिवसाला सरासरी ८५. त्यातल्या दोन टक्क्यांहून कमी प्रकरणांत कोणाला अटक झाली. पुढचा घटनाक्रम त्या वर्षीच्या नोव्हेंबरमधल्या एका रविवारचा आहे. यातले कुटुंब मी बे एरियातल्या मराठी घरांत ऐकलेल्या हकिकती एकत्र करून उभे केले आहे. जागा, नियम आणि चोरीची रीत मात्र जशी आहे तशीच ठेवली आहे.

सकाळी ७.०० – सव्वासात तास बाकी

फ्रीमाँटमधले घर. आईबाबांचा मुक्काम आज संपतो आहे. रात्री नऊचे विमान, म्हणजे सहापर्यंत विमानतळावर पोचायला हवे. चार मोठ्या बॅगा वजनकाट्यावर चढून-उतरून झाल्या आहेत. त्यांत बदाम, पिस्ते, चॉकलेटे, भाचवंडांचे बूट. आईंचे दागिने आणि दोघांची औषधे बॅगेत टाकायची नाहीत, हे सुनेने बजावून सांगितले आहे, म्हणून ती बाबांच्या खांद्याच्या पिशवीत आहेत. दोन्ही पासपोर्ट त्याच पिशवीत, तिकिटांचे कागदही त्यातच. पासपोर्टच्या झेरॉक्स प्रतीसुद्धा त्याच कप्प्यात आहेत. मूळ कागद हरवला तर प्रत असावी, म्हणून काढलेली प्रत मूळ कागदाला चिकटून बसली आहे. याकडे कोणाचेच लक्ष नाही.

८.३० – पावणेसहा तास बाकी

बाबा उरणचे. नोकरी संपल्यावरही भरतीची वेळ पाहून खाडीवर जाणारे. इथे आल्यापासून नातवाला चिंबोऱ्या कशा धरायच्या ते दाखवायचे राहून गेले आहे. मुलगा म्हणतो, आजच जाऊ या. गोल्डन गेट पुलाच्या पायथ्याशी धक्का आहे, तिथे कोणीही गळ टाकू शकतो. कॅलिफोर्नियात सार्वजनिक धक्क्यावरून मासे धरायला परवाना लागत नाही, हे त्याने पाहून ठेवले आहे.

आता प्रश्न सामानाचा. विमानतळ सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला, घर खाडीच्या पलीकडे. धक्क्यावरून घरी येऊन बॅगा घ्यायच्या आणि पुन्हा खाडी ओलांडून जायचे, तर दोन-अडीच तास रस्त्यातच जातील. सामान बरोबरच घ्यावे, असे ठरते. या ठरण्यात काडीचाही अविचार नाही. परदेशातल्या शेवटच्या दिवशी जवळजवळ प्रत्येक घर हाच हिशेब करते. चोरही याच हिशेबावर जगतो.

१०.३० – पावणेचार तास बाकी

पाच माणसे आणि चार बॅगा घरच्या छोट्या गाडीत मावत नाहीत, म्हणून दोन दिवसांसाठी मोठी गाडी भाड्याने आणली आहे. तिच्या काचेवर कंपनीची बारकोडची चिठ्ठी आहे. गाडी सोडताना आणि परत घेताना यंत्राने वाचायची ती खूण. तिच्याकडे पाहणाऱ्याला एवढे कळते, की आतली माणसे पाहुणी आहेत आणि त्यांचे सामान बहुधा गाडीतच आहे.

१२.१५ – दोन तास बाकी

शहरात जेवण. गाडी रस्त्यावर, खिडकीतून दिसेल अशी. कोणी हात लावला नाही. सगळ्यांना धीर आला.

१.०५ – एक तास दहा मिनिटे बाकी

टॉर्पीडो धक्का. तो ज्या प्रेसिडिओत आहे, ते दीर्घकाळ लष्कराचे ठाणे होते, १९९४ मध्ये ते राष्ट्रीय उद्यानाकडे आले. समुद्रात पेरायच्या सुरुंगांना पूर्वी इंग्रजीत टॉर्पीडो म्हणत, आणि त्यांची ने-आण या धक्क्यावरून होई. आज तिथे चिनी, फिलिपिनो, मेक्सिकन, व्हिएतनामी घरे बादल्या घेऊन येतात. आजी-आजोबा घडीच्या खुर्च्यांत, मुले कठड्याला लोंबकळलेली. शहरातल्या ज्या थोड्या जागा खऱ्या अर्थाने गरिबांच्याही आहेत, त्यांतली ही एक. इथे तिकीट नाही, परवाना नाही, कोणी कपडे पाहून रोखत नाही. म्हणूनच इथली चोरी मला अधिक लागते.

गाडी लावली. शेजारी पाटी आहे: मौल्यवान वस्तू गाडीत ठेवू नका. मुलाने ती वाचली. मग तो मागे गेला आणि डिकी उघडली.

बादली, दोर, दोन गोल जाळी, आमिषासाठी कोंबडीचे तुकडे, हे सगळे बॅगांच्या मागे सरकले होते. ते काढायला एक बॅग खाली उतरवावी लागली, दुसरी आडवी करावी लागली. मिनिटभर डिकी उघडी होती. मग बॅगा परत रचल्या, वरून एक चादर टाकली.

बाबांची पिशवी खांद्यावरच होती. मुलगा म्हणाला, "बाबा, तिथे सगळं ओलं असतं, हात घाणीचे होतात, वाकताना पिशवी पाण्यात गेली तर? राहू दे गाडीत." बाबांनी पिशवी दिली. मुलाने ती चादरीखाली सारली आणि गाडीला कुलूप लावले. आरसे मिटले, दिवे लुकलुकले.

या दोन मिनिटांविषयी मला थांबून बोलायचे आहे. गडाच्या पायथ्याशी, बागेच्या फाटकाशी, समुद्रकिनाऱ्यावर, सगळीकडे गाड्या फुटतात. पण मासेमारीच्या जागेवर गाडीवाला चोराला आणखी एक गोष्ट देतो: वेळ. फोटो काढायला आलेला माणूस पाच मिनिटांत परतेल की तासाने, हे बाहेरून कळत नाही. हातात बादली आणि जाळे घेऊन धक्क्याच्या टोकाकडे जाणारा माणूस तासाभरात येणार नाही, हे कोणालाही कळते. जाळे खाली सोडले की पंधरा-वीस मिनिटे ते बुडालेले ठेवावे लागते. मग वर ओढायचे, आमिष पाहायचे, पुन्हा सोडायचे. त्यातून पाण्याच्या भीतीने तो पाकीट, फोन, कागद आपण होऊन गाडीत ठेवतो. काही जण तर किल्लीही चाकावर किंवा बंपरखाली लपवतात, समुद्रात पडू नये म्हणून.

वाहनतळाच्या दुसऱ्या टोकाला एक गाडी इंजिन चालू ठेवून उभी आहे. काळ्या काचा. अशा गाडीची नंबरप्लेट बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणाची असते.

१.३० – पाऊण तास बाकी

पहिली खेप वर येते. एक मोठी चिंबोरी आहे. बाबा तिला मागून, नांगी लागणार नाही अशी धरतात. इंग्रजीचा शब्द न वापरता सारा धक्का त्यांच्याभोवती जमतो. उरणला ज्या गोल जाळ्याला पगोळी म्हणतात, तेच इथेही. फक्त लोखंडी कडी जरा जाड.

शेजारचे एक वृद्ध गृहस्थ मान हलवतात आणि चिंबोरीच्या नांग्यांकडे बोट दाखवतात. टोके पांढरी आहेत. ही डन्जनेस जातीची. खाडीच्या आत ती पकडून ठेवायला बंदी आहे. पुलाच्या पलीकडे, खुल्या समुद्रात चालते. काळ्या टोकांची, खडकातली असेल तर ठेवा, तीही चार इंचांहून मोठी हवी. बाबा क्षणात समजतात आणि तिला पाण्यात सोडतात. उरणला कोणी असा नियम सांगितला असता तर त्यांनी वाद घातला असता, असे मुलगा नंतर म्हणाला. मला तसे वाटत नाही. खाडीवर वाढलेल्या माणसाला काय परत सोडायचे ते ठाऊक असते.

१.५५ – वीस मिनिटे बाकी

आई म्हणतात, निघू या. नातू म्हणतो, काळ्या टोकाची एक तरी. जाळे पुन्हा खाली जाते.

२.१५

पुढचे चाळीस सेकंदांच्या आतले आहे.

काळ्या काचांची गाडी येऊन शेजारी थांबते. एक जण उतरतो. हातात हातोडा नाही, दगड नाही. मोटारीच्या स्पार्क प्लगमधल्या पांढऱ्या चिनीमातीसारख्या भागाचा नखाएवढा तुकडा आहे. तो अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा, काचेहून कठीण. गाडीच्या बाजूची काच तापवून झटकन थंड केलेली असते. तिचा पृष्ठभाग आत दाबलेला आणि गाभा ताणलेला राहतो. त्यामुळे ती बोथट धक्का सोसते, पण टोकदार कठीण तुकड्याने पृष्ठभागाला खोल चरा पडला की आत कोंडलेला ताण एकदम सुटतो आणि सबंध काच दाण्यादाण्यांनी खाली येते. आवाज फारसा होत नाही. कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेत घरफोडीच्या हत्यारांच्या यादीत पहार, गजांबरोबर स्पार्क प्लगचे हे तुकडेही नाव घेऊन लिहिलेले आहेत, इतकी ही रीत जुनी आणि माहितीतली आहे.

हात आत, दाराची कडी, मागची सीट पुढे. चादर बाजूला. गाडीचा भोंगा वाजू लागतो. वाहनतळावरचे दोघेतिघे वळून पाहतात आणि पुन्हा आपल्या कामाला लागतात, कारण गाड्यांचे भोंगे दिवसभर वाजतच असतात. दोन बॅगा आणि खांद्याची पिशवी काळ्या काचांच्या गाडीत जातात. उरलेल्या दोन बॅगा तशाच राहतात. गाडी वळण घेऊन मरीना रस्त्याकडे निघून जाते.

२.५० – अनर्थाला ३५ मिनिटे उलटली

काळ्या टोकाची चिंबोरी मिळाली आहे. सगळे परत येतात. नातू पुढे धावतो आणि काचेच्या दाण्यांवर थांबतो. आई आधी बॅगा मोजतात. बाबा चादर उचलतात, मग सीटखाली पाहतात, मग पुन्हा चादर उचलतात.

मुलगा शहराच्या पोलिसांना फोन लावतो. कळते, की हा भाग राष्ट्रीय उद्यानाचा आहे, त्याचे पोलीस वेगळे. दुसरा फोन. अधिकारी येतात, सभ्यपणे लिहून घेतात, तक्रारीचा क्रमांक देतात. त्या कागदाचे मोल तेव्हा कोणाला कळत नाही. संध्याकाळपर्यंत कळते.

सायंकाळी ६.००

विमानतळावर पासपोर्टशिवाय दोघांना विमानात घेता येत नाही. तिकीट पुढे ढकलायचे पैसे, भाड्याच्या गाडीच्या काचेचे पैसे, दोन रात्रींचे मधुमेहाचे औषध कोणत्या दुकानातून आणि कोणाच्या चिठ्ठीवर मिळेल याची फोनाफोनी. बाबा गप्प आहेत. आई मुलाला एवढेच म्हणतात, "तू स्वतःला बोल लावू नकोस."

सोमवार

भारतीय वाणिज्य दूतावास अर्ग्वेलो मार्गावर आहे. पासपोर्ट हरवलेल्याला मायदेशी परतण्यासाठी तिथे इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळते, एकाच फेरीपुरते. त्यासाठी पोलीस तक्रारीची प्रत लागते, फोटो लागतात आणि जुन्या पासपोर्टचा काही पुरावा. झेरॉक्स प्रती पिशवीबरोबर गेल्या. शेवटी सुनेला आठवते, तिकीट काढताना आईंनी दोन्ही पासपोर्टांच्या पहिल्या पानांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते. जुने संदेश वर सरकवत, दिवाळीच्या शुभेच्छा आणि नातवाच्या फोटोंमधून मागे जात, ते सापडतात. त्या दोन धूसर फोटोंनी काम होते. अमेरिकेत कायदेशीर प्रवेश केल्याची नोंद, आय-९४, सरकारी संकेतस्थळावरून पुन्हा काढता येते, हेही त्याच दिवशी कळते. गुरुवारी दोघे निघतात.

आता कायद्याचे. चोर सापडला असता, तरी खटला उभा राहिला असता का? त्या वेळी कॅलिफोर्नियात गाडीफोडीचा गुन्हा सिद्ध करायला दारे कुलूपबंद होती हे दाखवावे लागे. फुटलेली काच तेवढ्यासाठी पुरेशी मानली जात नसे. मालकाने किंवा चालकाने कोर्टात येऊन सांगावे लागे, की मी कुलूप लावले होते. आणि ज्यांच्या गाड्या सर्वांत जास्त फुटतात ते पाहुणे तोवर हजारो मैल दूर आपापल्या घरी पोचलेले असतात. भाड्याच्या गाड्या निवडण्यात चोरांचा हाही फायदा होता. ही पळवाट बुजवण्यासाठी राज्याचे सिनेटर स्कॉट वीनर यांनी २०१८ पासून पुन्हापुन्हा विधेयके मांडली आणि ती अडत राहिली. अखेर २०२४ च्या ऑगस्टमध्ये कायदा झाला आणि २०२५ पासून लागू झाला. आता बळाने आत शिरल्याचे दिसले, की कुलपाची साक्ष लागत नाही. एवढ्या उघड दुरुस्तीला सहा वर्षे लागली, याची चीड मला आजही येते. त्या सहा वर्षांत किती म्हाताऱ्या माणसांनी परक्या शहरात फुटपाथवर बसून आपली औषधे आठवली असतील.

शहर पोलिसांनी २०२३ मध्ये आमिष म्हणून मुद्दाम सामान ठेवलेल्या गाड्या उभ्या करायला सुरुवात केली, साध्या वेशातली माणसे नेमली. २०२४ मध्ये गाडीफोडीच्या तक्रारी आदल्या वर्षाच्या निम्म्याहूनही खाली आल्या. म्हणजे हे थांबवता येत होते. मोठी टोळी पकडावी लागत नाही, थोड्याच लोकांचे रोजचे येणे-जाणे अवघड करावे लागते. धक्क्याच्या वाहनतळावर मला पाटीऐवजी चार भक्कम लॉकर हवे आहेत, बादली घेऊन जाताना पिशवी ठेवता येईल असे. त्या जागी येणारी माणसे पाटी वाचतात. ओल्या धक्क्यावर पासपोर्ट कुठे ठेवायचा, हे मात्र पाटी सांगत नाही.

दागिने मिळाले नाहीत. बाबांच्या पासपोर्टवरचा अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा पासपोर्टबरोबरच गेला. पुन्हा यायचे तर नवा पासपोर्ट, नवा अर्ज, नवी फी आणि मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात पुन्हा रांग. बाबांनी नवा पासपोर्ट काढला आहे. व्हिसाच्या अर्जाचे मुलगा दर महिन्याला विचारतो. ते म्हणतात, पावसाळा होऊ दे.