सलीच्या काचा आणि काँकॉर्ड

गेल्या उन्हाळ्यात आई पुण्याहून आली होती. एका रात्री डलेसला उतरणारं मोठं विमान घरावरून गेलं आणि वरच्या खोलीतलं तावदान थडथडलं. आई म्हणाली, "काच फुटायची नाही ना रे?" मी सवयीने "नाही गं" म्हणून गेलो. मग वाटलं, हे कुणी कधी मोजलंय का?

मोजलंय. तेही आपल्या शेजारी, शँटिलीतल्या सलीमध्ये.

रूट 28 वरून जाताना आपण ते लाकडी घर शंभरदा पाहिलं असेल. रिचर्ड ब्लँड ली यांनी 1794 मध्ये ते बांधवलं. शेती गुलामांच्या कष्टावर चालायची. पुढे विमानतळासाठी जमीन घेतली गेली तेव्हा हे घर पाडलंच जाणार होतं. लोकांनी धावपळ केली, 1959 मध्ये आयझेनहॉवर यांनी कायद्यावर सही केली आणि घर वाचलं. वाचलं खरं, पण विमानतळाच्या अगदी कुशीत. 1962 मध्ये डलेस सुरू झालं.

फेब्रुवारी 1976 मध्ये वाहतूकमंत्री विल्यम कोलमन यांनी काँकॉर्डला सोळा महिन्यांची चाचणी-परवानगी दिली. 24 मे रोजी ब्रिटिश आणि फ्रेंच, अशी दोन काँकॉर्ड डलेसला उतरली. एवढ्या आवाजाने जुन्या घरांच्या काचा आणि भिंती टिकतील का, ही धास्ती होतीच. म्हणून नासाच्या इंजिनिअरांनी 20 ते 28 मे या काळात सलीच्या भिंती, जमीन आणि खिडक्यांची कंपनं नोंदवली. काँकॉर्डची दोन लँडिंग आणि तीन टेकऑफ त्यांच्या हाती लागली.

निष्कर्ष असे निघाले: आवाज जितका मोठा, तितकं कंपन जास्त, विमान कोणत्या जातीचं याने फारसा फरक पडत नाही. काँकॉर्डची कमाल कंपनं इतर विमानांपेक्षा जास्त होती. पण विमानाशी संबंध नसलेल्या काही घटनांनी घर कधीकधी त्याहूनही जास्त हललं.

आता मी कन्सल्टंट माणूस. हे वाक्य मिळालं असतं तर मी स्लाइडवर "धोका कमी" लिहून मोकळा झालो असतो. काचेपुरतं ते कदाचित बरोबरही ठरलं असतं. पण घरातलं दार मी आपटतो, मला हवं तेव्हा. रात्री अकराचं विमान आईला विचारून येत नाही. सेन्सर काचेवर लावता येतो, दचकून जागं झालेल्या माणसावर कुठे लावणार? कंपन कमी आहे म्हणून तक्रार खोटी, हे मला तरी पटत नाही.

बाकी आमच्या खिडकीचा इलाज साधा निघाला. थडथड काचेची नव्हतीच, चौकटीत सैल झालेल्या झडपेची होती. फटीत रबरी पट्टी बसवली, कडी घट्ट केली, बाहेरचं वाळून फुटलेलं सीलंट काढून नवं भरलं. हवेची फट बुजली की बारीक आवाजही अडतो. विक्रेता "डबल ग्लास घ्या" म्हणाला, पण दोन काचांमधली बोटभर पोकळी ही मुख्यतः थंडीसाठी असते. जाड, खर्जातल्या घरघरीला ती फारशी अडवत नाही. त्यासाठी जड काच हवी, किंवा आतल्या बाजूने चार-सहा इंच सोडून दुसरी खिडकी. तो खर्च आम्ही पुढच्या वर्षावर ढकललाय.

त्या रात्री आई म्हणाली, "आता नुसतं विमानच ऐकू येतंय."