तिथीवरून ओळखा चांद्रयान

2023 साली अधिक श्रावण आला होता, आठवतं ना? त्या वर्षीचा चांद्रयान-3 चा प्रवास तिथींवरून चांगला ध्यानात राहतो.

14 जुलैला, आषाढ वद्यात, यान श्रीहरिकोट्याहून निघालं. चार दिवसांनी धोंड्याचा महिना लागला. आपण जावयांना धोंडे जेवण घालत होतो, तेव्हा 5 ऑगस्टला यान चंद्राच्या कक्षेत शिरलं. नागपंचमी झाली आणि 23 ऑगस्टला, शुद्ध सप्तमीला, संध्याकाळी 6 वाजून 4 मिनिटांनी विक्रम चंद्रावर उतरला. मोहिमेच्या सहयोगी प्रकल्प संचालक होत्या कल्पना काळहस्ती.

हाच दिवस का? विक्रम चालायचा उन्हावर. चंद्रावरचा दिवस आपल्या सुमारे 14 दिवसांचा, रात्रही तेवढीच. शुद्ध पक्षात कोर वाढते, म्हणजे आपल्याला दिसणाऱ्या भागावर ऊन पसरत जातं. उतरायच्या जागी तेव्हा सकाळ होती. राखीपौर्णिमेला प्रज्ञान गाडी तिथं काम करत होती. गोकुळाष्टमीच्या दोन दिवस आधी, 4 सप्टेंबरला, तिथली रात्र जवळ आली म्हणून विक्रमला झोपवलं.

हे गणित सोलापूरला नवं नाही. दाते पंचांग शंभराहून अधिक वर्षं इथूनच निघतं. सूर्य-चंद्रातलं अंतर 12 अंशांनी वाढलं की एक तिथी सरते. संकष्टीला चंद्रोदयाची वेळ बघणाऱ्या बाईला चंद्राची चाल ठाऊक असते. ते नुसतं उपासापुरतं नाही, आकाशाचं ज्ञान आहे. पुढचं यान निघेल तेव्हा मुलींना जवळ बसवा आणि पंचांग उघडा.