तिरप्या उजेडातली कवटी

वसईच्या किल्ल्यातल्या फ्रान्सिस्कन चर्चचे छप्पर कधीच गेले. फरशीत बसवलेले थडग्यांचे दगड मात्र अजून जागेवर आहेत. त्यांवर पोर्तुगीज घराण्यांची चिन्हे, नावे, मरणाची वर्षे. ऊन डोक्यावर असले की अक्षरे दगडात बुडून जातात. सकाळी किंवा दिवेलागणीच्या आधी ते आडवे पडले, की झिजलेला मजकूर उठून दिसतो.

मरण असे तिरपे दाखवण्याची युक्ती तैलचित्रांतही जुनी आहे.

तिचे मूळ कवटीत. ख्रिस्ताला क्रुसावर दिले ती जागा गुलगुथा, म्हणजे कवटीची. तिथेच आदामाला पुरले होते अशी आख्यायिका, म्हणून चित्रकार क्रुसाच्या पायाशी कवटी काढू लागले. पंधराव्या शतकात फ्लँडर्सच्या चित्रकारांनी जवसाच्या तेलात रंग कालवण्याची कला कळसाला नेली. जवस आपल्या ओळखीचे, चटणीतले. त्याचे तेल सावकाश वाळते. पातळ थरावर थर चढवता येतो आणि काळोखाला खोली येते. यान व्हॅन आइकच्या एका चित्रात तर नरकावर पंख पसरलेला अख्खा सांगाडाच आहे.

१५३३ साली हान्स होल्बाइनने दोन फ्रेंच राजदूत रंगवले. रेशीम, फर, ग्रह मोजायची उपकरणे, सगळा थाट. आणि पायाशी एक लांबट, न कळणारा डाग. चित्राच्या उजव्या कडेला जाऊन पाहिले की त्या डागाची कवटी होते. पुढच्याच वर्षी, १५३४ च्या डिसेंबरात, गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. कवटी आणि क्रूस वाहणारा तो धर्म इथे रुजला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतल्यावरही टिकला.

या परंपरेला आपल्याकडे सर्वांत धीटपणे भिडले चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा. गोव्यातल्या साळगावात १९२४ साली जन्म; वडील त्याच वर्षी गेले, पुढे स्वतःला देवी आल्या. त्यांचा १९५९ चा क्रुसावरचा ख्रिस्त काळाकभिन्न, काटेरी आहे. १९६६ मध्ये लंडनला मांडलेली त्यांची काळ्यावर काळी चित्रे मात्र त्याहून थोर वाटतात. समोरून नुसता अंधार. बाजूने उजेड पडला की जाड रंगाच्या कडा चमकतात आणि चेहरा उमटतो.

किल्ल्यात गेलात तर त्या दगडांवर खडू घासू नका. आडव्या उन्हाची वाट पाहा.