छायाचित्राची पाठ

जुने छायाचित्र हाती आले की माणूस ते आधी उलटे करून पाहतो. समोर कोण उभे आहे हे मागाहून. पाठीवर काही लिहिले आहे काय, हा पहिला शोध. गतवर्षी आमच्या शाळेत भाईंदरच्या जुन्या चित्रांचे लहानसे प्रदर्शन भरवावयाचे ठरले, तेव्हा मिठागरे, खाडीवरचा पूल, लग्नाच्या वराती अशी चाळीसेक चित्रे घरोघरून जमा झाली. बहुतेकांची पाठ कोरी. एकीवर मात्र पेन्सिलीने लिहिले होते : ‘भाईंदर खाडी, १९३८. सकाळी ९, मुंबई टाइम.’

मुलांना ‘मुंबई टाइम’ म्हणजे काय ते समजेना. १९०६ साली सरकारने साऱ्या हिंदुस्थानाला एक प्रमाणवेळ लावून दिली, पण मुंबईकरांनी ती मनापासून स्वीकारली नाही. शहरात जुनी स्थानिक वेळ १९५५ पर्यंत टिकून राहिली. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. म्हणजे खाडीवरच्या त्या नऊ वाजता प्रमाणवेळेप्रमाणे नऊ वाजून ३९ मिनिटे झाली होती. लिहिणाराने घड्याळ कोणाचे ते नोंदले म्हणून आज हे सांगता येते. नुसते ‘सकाळी ९’ लिहिले असते, तर आपण ते बिनदिक्कत चुकीचे वाचले असते.

छायाचित्राला अशी पाठ लागते, ही गोष्ट आपल्याकडे प्रारंभीच लक्षात आली होती. मुंबईत छायाचित्रणाची सोसायटी निघाली १८५४ साली. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये या विद्येचा वर्ग उघडला. त्या काळी मूळ ठसा काचेवर घेत. पुष्कळ छायाचित्रकार चित्राचा क्रमांक आणि नाव काचेच्या कडेलाच लिहीत; तेही उलट्या अक्षरांत, म्हणजे कागदावर ते सुलटे उमटावे. हा मजकूर चित्रापासून सुटत नसे. खाली चिकटवलेली चिठ्ठी मात्र सुटे.

आणि कित्येकदा चिठ्ठीपेक्षा चित्रच लबाड निघे! विल्यम जॉन्सन याने मुंबईत राहणाऱ्या व येणाऱ्या नाना जातीजमातींच्या चित्रांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ साली लंडनहून प्रसिद्ध केले. त्यांत माणसे एका ठिकाणी टिपलेली आणि त्यांच्यामागची दृश्ये दुसरीकडची, अशी जोडकामे आहेत. पाहणाराला वाटावे, मंडळी त्याच इमारतीपुढे उभी होती.

आता पाठ दिसेनाशी झाली आहे. पण ती नाहीशी झालेली नाही. १९९५ साली जपानमधील इलेक्ट्रॉनिक उद्योगाच्या एका संघटनेने ‘एक्झिफ’ नावाची पद्धत ठरवून दिली. कॅमेऱ्याने चित्राच्या फायलीतच आपली नोंद लिहावी : बनावट कोणती, चित्र कधी घेतले, भिंगाचे तोंड किती उघडे होते. पुढे अक्षांश-रेखांशही आले. ही नोंद वाचण्यासाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी तयार साधनांचे संग्रह केले. त्यांना ते लायब्ररी म्हणतात. फ्रेडरिक लुंड या स्वीडिश गृहस्थाने १९९५ साली पायथॉन भाषेसाठी अशी एक लायब्ररी आरंभिली. २०१० पासून ‘पिलो’ या नावाने तिचा संसार पुढे चालू आहे. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने ती मला दाखविली. तीत प्रत्येक चित्राचे काही गुणधर्म मांडलेले असतात : रुंदी, उंची, रंगांची जात, फायलीचा प्रकार. यातला शेवटचा मला फार आवडला. फायलीतून उघडलेल्या चित्राला आपला प्रकार ठाऊक असतो. पण त्याच चित्राचा तुकडा कापा की नव्या तुकड्यापुढे या रकान्यात ‘काही नाही’ असे उत्तर येते. जॉन्सनसाहेबांच्या मंडळींना असा रकाना असता तर बरे झाले असते.

एक्झिफमध्ये प्रत्येक नोंदीला क्रमांक आहे. २७४ क्रमांकावर कॅमेरा कसा धरला होता ते १ ते ८ या अंकांनी सांगतात. तो अंक न वाचणारा प्रोग्रॅम उभ्या माणसाला खुशाल आडवा निजवतो. चित्र घेतल्याची वेळ ३६८६७ वर. वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद, सारे काही आहे. पण घड्याळ कोणत्या देशाचे, ते लिहावयाची सोय पद्धतीत नव्हती! ती २०१६ साली आली. भाईंदरच्या खाडीवर पेन्सिल घेऊन उभ्या असलेल्या माणसाला जे १९३८ साली सुचले, ते यंत्रवाल्यांना सुचावयास एकवीस वर्षे लागली.

हे सारे मी हौसेने शिकलो नाही. प्रदर्शनासाठी एक बाई २६ जुलै २००५ च्या पुराची चित्रे घेऊन आल्या. ती त्यांच्या वडिलांनी घरातून आणि जिन्यावरून घेतलेली. त्या रात्री बाई लोकलमध्ये अडकल्या होत्या. वडील आता नाहीत. पाणी घरात केव्हा शिरले, ते एकटे किती वेळ जिन्यावर होते, हे त्यांना हवे होते. मोबाईलवर आलेल्या प्रतींत नोंद शिल्लक नव्हती. निरोपाबरोबर पाठवताना ती गळून जाते. सुदैवाने कॅमेऱ्याचे मूळ कार्ड डब्यात सापडले. माजी विद्यार्थ्याने ते वाचले, तर प्रत्येक चित्रावर तारीख १ जानेवारी २००४! सेल काढून घातले की त्या कॅमेऱ्याचे घड्याळ पहिल्या दिवसाच्या मध्यरात्रीवर जात असे. बाईंचा चेहरा उतरला.

पण घड्याळ चुकीचे असले तरी चालू होते. म्हणजे दोन चित्रांमधले अंतर खरे. पहिले चित्र बारा वाजून सहा मिनिटांचे, शेवटचे तीन वाजून बत्तीसचे. मधल्या एका चित्रात टेबलाचे पाय पाण्यात आहेत आणि वर भिंतीवर घड्याळ आहे : चार वाजून वीस. त्या चित्राची नोंद बारा सत्तेचाळीस. तीन तास तेहेतीस मिनिटे सगळ्यांत मिळवली की झाले. पहिले चित्र तीन एकोणचाळीसचे, शेवटचे सात पाचचे.

बाईंनी कागद हाती घेतला आणि बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “गुरुजी, आमच्या आजीने ते घड्याळ नेहमी दहा मिनिटे पुढे ठेवलेले असे. आमची लोकल चुकू नये म्हणून.”

आम्ही सगळ्यांतून दहा मिनिटे वजा केली.