चांदा : शत्रुराज्यांशी तह व राजनय (१७४९–१८५४)

सध्याचे चंद्रपूर व गडचिरोली हे दोन जिल्हे मिळून होणारा वर्धा, वैनगंगा व प्राणहिता या नद्यांच्या खोऱ्यांतील वनप्रदेश पूर्वी चांदा या नावाने ओळखला जाई. (गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला). गोंड राजांचे राज्य, नागपूरकर भोसल्यांचा मुलूख आणि इंग्रजी अंमलाखालील जिल्हा अशा तीन अवस्थांतून हा प्रदेश सुमारे एका शतकात गेला. या काळात येथील सत्तांनी बलवान शत्रूंशी अनेक तह केले. त्यांपैकी काही टिकले, काही मोडले, तर काही तहांच्या पालनानेच तह करणाऱ्याचे राज्य संपले. शत्रुत्व बाळगणाऱ्या परसत्तेशी वाटाघाटी सफल होतात काय, या राजनीतीतील जुन्या प्रश्नाची तपासणी करण्यास हा इतिहास उपयुक्त आहे. अठराव्या शतकात चांदा, नागपूर, पुणे व हैदराबाद या सत्ता एकमेकींशी वकिलांमार्फत व्यवहार करणाऱ्या वस्तुतः स्वतंत्र सत्ता होत्या; इंग्रजांची कंपनी तर सर्वस्वी परकीय होती.

गोंड राज्याचा शेवट : चांद्याच्या गोंड राजांना बलाढ्य शेजाऱ्यांशी जुळवून घेण्याचा अनुभव जुना होता. १६६७ मध्ये मोगल सरदार दिलेरखान चालून आला, तेव्हा मोठी खंडणी व वार्षिक पेशकश कबूल करून त्यांनी राज्य राखले. मोगलांना दूरच्या अरण्यमय मुलखात ठाणी बसविण्यापेक्षा द्रव्य अधिक सोयीचे होते, म्हणून ही तडजोड शक्य झाली. नागपूरकर रघूजी भोसले (पहिला) याची गोष्ट वेगळी होती. त्याची राजधानी जवळ होती आणि त्याला प्रत्यक्ष मुलूख हवा होता. १७४९ मध्ये राजा नीळकंठशहा याने राज्याच्या वसुलाचा दोन-तृतीयांश भाग रघूजीस देण्याचा तह केला. या तहाने युद्ध टळले, पण फौज ठेवण्याचे साधनही राजाच्या हातून गेले. १७५१ मध्ये उरलेला तिसरा हिस्साही भोसल्यांनी घेतला आणि नीळकंठशहाचा शेवट कैदेत झाला. पुढे भोसल्यांच्या वाटणीत चांदा व छत्तीसगड हे प्रदेश रघूजीचा पुत्र मुधोजी याच्याकडे आले.

कनकापूरचा तह (१७६९) : अठरा वर्षांनी भोसल्यांवरच तशी वेळ आली. जानोजी भोसल्याने पेशव्यांविरुद्ध प्रथम निजामाशी व नंतर रघुनाथरावाशी संधान बांधले होते. त्याचा बंदोबस्त करण्यासाठी थोरला माधवराव पेशवा १७६९ च्या आरंभी वऱ्हाड-नागपूर प्रांतांत शिरला. नागपूर लुटले गेले आणि चांद्याच्या किल्ल्यास वेढा पडला. इरई व झरपट या नद्यांच्या संगमाजवळ वसलेल्या या शहराचा गोंडकालीन दगडी परकोट भक्कम होता. तो लवकर हाती लागेना. दरम्यान जानोजीने समोरासमोर लढाई टाळून पुण्याच्या रोखाने कूच केले. तेव्हा पेशव्यांना वेढा उठवून आपल्या मुलखाच्या रक्षणाकडे वळावे लागले. दोन्ही पक्ष थकले होते व पेशव्यांना कर्नाटक आणि उत्तर हिंदुस्थान येथील कामे खोळंबून ठेवणे परवडणारे नव्हते. ‘साडेतीन शहाण्यां’पैकी एक म्हणून प्रसिद्ध असलेला देवाजीपंत चोरघडे हा नागपूरकरांचा मुत्सद्दी या वाटाघाटींत प्रमुख होता.

तहाची कलमे जानोजीस जड होती. पूर्वी मिळालेला आठ लाखांचा मुलूख परत करावा, दरसाल पाच लाख एक रुपया द्यावा, फौज वाढवू वा घटवू नये आणि पेशव्यांच्या संमतीवाचून दिल्लीचा बादशहा, अयोध्येचा नबाब, रोहिले, निजाम व इंग्रज यांच्याशी राजकारण करू नये, असे ठरले. तथापि त्याचे राज्य, फौज व किल्ले कायम राहिले. हा तह टिकला. उभयतांत पुन्हा युद्ध झाले नाही आणि मुधोजीचा मुलगा रघूजी यास दत्तक घेण्याच्या जानोजीच्या बेतास पेशव्यांनी संमतीही दिली. आदल्या वर्षापर्यंत ज्यांचा परस्परांवर काडीचा विश्वास नव्हता, त्यांच्यात हा सलोखा झाला. विश्वास तहाच्या आधी नव्हता, तो तहाच्या पालनातून उत्पन्न झाला, ही गोष्ट लक्षणीय होय.

इंग्रजांशी संबंध : पुण्याच्या नेतृत्वाखाली इंग्रजांविरुद्ध चार सत्तांची जूट झाली, तेव्हा नागपूरकरांच्या वाट्यास बंगालवरील स्वारी आली. मुधोजीने मुलगा चिमणाजी यास फौज देऊन ओरिसात पाठविले. परंतु ही फौज कटकेजवळ रेंगाळत राहिली. कलकत्त्याहून वॉरन हेस्टिंग्जने १७८१ मध्ये रोख रक्कम देऊन तिला परत फिरविले आणि इंग्रजी पलटणीस ओरिसातून वाट मिळवली. हेस्टिंग्जच्या दृष्टीने हे शत्रूशी केलेल्या यशस्वी राजनयाचे उदाहरण ठरते. मराठी सत्तांच्या दृष्टीने मात्र तो जुटीला पडलेला तडा होता.

१८०३ मध्ये आडगाव व गाविलगड येथील पराभवांनंतर रघूजी भोसले (दुसरा) याने १७ डिसेंबर रोजी देवगावचा तह केला. त्यान्वये कटक व वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख गेला. हा पश्चिमेचा मुलूख इंग्रजांनी निजामास दिल्यामुळे चांदा प्रांत एकदम सरहद्दीवर आला. नागपुरास इंग्रज रेसिडेंट राहू लागला. पण रघूजीने तैनाती फौज स्वीकारण्यास अखेरपर्यंत नकार दिला आणि त्याच्या मृत्यूपर्यंत (मार्च १८१६) हा तह निभावला. त्यानंतर वेडसर परसोजीच्या नावाने कारभार कोणी करावा, यावरून दरबारात तट पडले. स्वपक्षाच्या बळकटीसाठी अप्पासाहेब भोसल्याने मे १८१६ मध्ये गुप्तपणे तैनाती फौजेचा तह केला. दरबारातील प्रतिस्पर्ध्यावर मात करण्यासाठी परसत्तेचा आधार घेतला गेला. १ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजी बिछान्यात मृत आढळला. त्या वेळी अप्पासाहेब चांद्यास गेलेला होता. तो गादीवर आला, तेव्हा इंग्रज फौज त्याच्याच खर्चाने राज्यात येऊन बसली होती.

चांद्याचा पाडाव : नोव्हेंबर १८१७ मध्ये पेशवे-इंग्रज युद्ध सुरू झाले. रेसिडेंट जेंकिन्स याचा विरोध असताही अप्पासाहेबाने पेशव्यांकडून आलेली सेनापतिपदाची वस्त्रे स्वीकारली. सीताबर्डीच्या लढाईत (२६–२७ नोव्हेंबर) त्याच्या फौजेचा पराभव झाला. जानेवारी १८१८ च्या तहाने नर्मदेकडील मुलूख, मंत्र्यांच्या नेमणुकीचा हक्क व मागितले जातील ते किल्ले त्याला सोडावे लागले. पळत्या बाजीरावाने चांद्याकडे यावे, असे त्याचे गुप्त संधान होते. ते उघडकीस आल्यावर मार्चमध्ये त्याला कैद झाली. बाजीरावाची वाट वर्धेवर अडविण्यात आली व १७ एप्रिल रोजी पांढरकवड्याजवळ त्याची फौज उधळली गेली. कर्नल ॲडम्सने मेमध्ये चांद्यास वेढा घातला. तोफांनी तटाला खिंडार पडले आणि २० मे रोजी शहर पडले. किल्लेदार गंगासिंग मारला गेला. १७६९ मध्ये ज्या तटाने वाटाघाटींस अवसर मिळवून दिला, त्याला १८१८ मध्ये बाहेरून मदत मिळणे शक्य नव्हते आणि ज्याच्या नावाने तह करावा, तो राजाही नागपुरात नव्हता.

मूल्यमापन : अप्पासाहेबाच्या दुटप्पी वर्तनामुळे राज्य बुडाले, असे मत इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखनापासून रूढ झाले आहे. त्याचे वर्तन अव्यवस्थित होते, यात शंका नाही. तो एकाच वेळी दोन्ही पक्षांना वचने देत होता. पण एवढ्याने उलगडा होत नाही. १८१८ मध्ये गादीवर बसविलेला रघूजी (तिसरा) याने इंग्रजांशी वैर धरले नाही. त्याच्या अज्ञानकाळात इंग्रजांनीच राज्य चालविले आणि १८२६ च्या तहाने कारभार त्याच्याकडे सोपविण्यास आरंभ झाला. तरीही डिसेंबर १८५३ मध्ये तो निपुत्रिक वारताच दत्तकाचा हक्क नाकारून हे राज्य १८५४ मध्ये खालसा करण्यात आले. म्हणजे दगाबाज ठरलेल्या राजाची व आज्ञाधारक राजाची अखेर एकच झाली. याउलट, १८०९ मध्ये अमृतसर येथे इंग्रजांशी तह करणाऱ्या रणजितसिंगाने सतलजच्या दक्षिणेकडील आकांक्षा सोडल्या, पण स्वतःची फौज शाबूत ठेवली. तो तह त्याच्या हयातीत अबाधित राहिला.

यावरून असे दिसते, की शत्रुत्व हे तहाच्या आड येतेच असे नाही; बहुतेक तह शत्रूंशीच होतात. तह कोणत्या वस्तूच्या मोबदल्यात झाला, हे महत्त्वाचे असते. खंडणी, हद्दीवरील मुलूख किंवा इतरांशी राजकारण करण्याचा हक्क सोडूनही राज्य टिकू शकते. कनकापूर व देवगाव येथील तह याची साक्ष देतात. परंतु वसूल, फौज व दरबारातील निर्णय यांपैकी ज्यावर पुढचा तह करण्याची ताकद अवलंबून असते, ते एकदा दुसऱ्याच्या हाती गेले, म्हणजे तहाचा कागद शिल्लक राहतो, राजनय राहत नाही. नीळकंठशहाने हे १७४९ मध्ये गमावले, अप्पासाहेबाने १८१६ मध्ये. दोघांनीही युद्ध टाळले असे त्या वेळी वाटले; दोघांच्याही बाबतीत दोन वर्षांत निकाल लागला. या प्रदेशातील रयतेला व जमीनदारांना मात्र यांपैकी एकाही तहात विचारले गेले नव्हते. १८५८ मध्ये बाबूराव शेडमाके याने केलेला उठाव आणि त्याला २१ ऑक्टोबर रोजी चांद्यास दिलेली फाशी, हा त्या न विचारलेल्या पक्षाचा या इतिहासातील जबाब होय.