नगरसुधारणा आणि बिऱ्हाडकरू : कळंबच्या आराखड्याची एक पूर्वपीठिका

मराठवाड्यांतील कळंब (यवतमाळकडील कळंब निराळें) हें मांजरेच्या कांठचें तालुक्याचें गांव. सप्टेंबर १९४८ पर्यंत तें निजामाच्या अमलाखालीं होतें. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं तें मुंबई राज्यांत आलें व १९६० सालीं महाराष्ट्रांत. ज्या जिल्ह्यांत तें मोडतें त्याचें उस्मानाबाद हें नांव जाऊन आतां धाराशिव असें झालें आहे. अशा गांवच्या नगरपरिषदेस पेठेंतील रस्ता रुंद करावयाचा असो, कीं गरिबांच्या घरांसाठीं जागा राखून ठेवावयाची असो, तिला १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या चौकटींत वागावें लागतें. आराखडा प्रसिद्ध करणें, त्यावर लोकांच्या हरकती व सूचना मागविणें, जागा आरक्षित करणें, हा क्रम त्यांतलाच. हा अधिनियम १९५४ च्या मुंबई कायद्याच्या जागीं आला आणि तो कायदा १९१५ च्या मुंबई कायद्याच्या जागीं. म्हणजे निजामी अमलांत वाढलेल्या गांवास आपल्या पेठेच्या पुनर्रचनेचें शास्त्र मुंबईकडून वारशानें मिळालें. तें शास्त्र कोणत्या प्रसंगीं जन्मास आलें, आणि त्यांत आरंभापासून कोणती उणीव राहिली, एवढेंच प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें आहे.

सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजे प्लेगचा, पहिला रोगी ओळखला. हे गृहस्थ मूळचे गोव्याचे व मुंबई कॉर्पोरेशनचे सभासद. सांथीनें शहर ओस पडूं लागलें तेव्हां दोष दाटीचा व कोंदट खोल्यांचा आहे असें सरकारास वाटलें, आणि १८९८ सालीं स्वतंत्र कायदा करून सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. वस्तुतः शहराच्या आरोग्याचें काम कॉर्पोरेशनचें; परंतु ट्रस्टच्या चौदा विश्वस्तांपैकीं कॉर्पोरेशननें निवडलेले चारच होते. पैशाचा भार मात्र कॉर्पोरेशनवरही होता. या विषमतेमुळें पुढील तीस वर्षें दोन्ही संस्थांत जी कुरबूर चालली तिला मानापमानाचा रंग पुष्कळ होता, हें कबूल केलें पाहिजे.

ट्रस्टपुढें कामें तीन होतीं : दाट वस्त्या पाडणें, समुद्राचा वारा आंत येईल असे रुंद रस्ते काढणें, आणि निघालेल्या गरिबांस घरें देणें. पहिलीं दोन कामें डोळ्यांत भरतील अशीं झालीं. नागपाडा व मांडवी-कोळीवाडा येथें जुनी वस्ती उठविली गेली. प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे मार्ग दाट मोहल्ल्यांतून काढले गेले. तिसरें काम मागें पडलें. पहिल्या दहा वर्षांत पाडलेल्या खोल्या बांधलेल्या खोल्यांहून अधिक भरल्या. निघालेलीं बिऱ्हाडें दूर जाणें शक्यच नव्हतें. गोदीचा हमाल गोदीजवळच राहणार. तीं शेजारच्या गल्लींत शिरलीं, तेथील दाटी वाढली, आणि तेथील भाडेंही चढलें.

याहून मार्मिक गोष्ट मोबदल्याची. घराची किंमत त्याच्या भाड्याच्या उत्पन्नावरून ठरे. ज्या मालकानें एका खोलींत दोन बिऱ्हाडें कोंबलीं त्याचें उत्पन्न अधिक, म्हणून मोबदलाही अधिक. ज्या दाटीचा नायनाट करावयाचा तिचीच किंमत सार्वजनिक पैशांतून चुकती होई! ट्रस्टचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांनीं हा दोष ओळखला होता. रोगट घराचें मोल कमी धरावें, आणि सरसकट पाडापाडीऐवजीं मालकांकडूनच घरें सुधारून घ्यावींत, असा त्यांचा आग्रह होता. खोलींत उजेड यावा म्हणून साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा त्यांचा नियमही प्रसिद्ध आहे. याच सुमारास हिंदुस्थानांत आलेले पॅट्रिक गेडीस हे नगररचनाकार नकाशावर सरळ रेघ ओढण्यापेक्षां थोडींच घरें काढून वस्ती मोकळी करावी, असें प्रतिपादीत होते.

भाडेकऱ्याची बाजू कॉर्पोरेशनमध्यें कां उभी राहिली नाहीं, असा प्रश्न सहज येईल. आमच्या मतें त्याचें उत्तर मतदारांच्या यादींत आहे. मताचा अधिकार मुख्यतः करदात्यांकडे होता. १९२२ सालीं दरमहा दहा रुपये भाडें भरणारास मत मिळालें. गिरणीमजुराच्या खोलीचें भाडें बहुधा याहून कमीच असे. १९३८ मध्यें ही मर्यादा पांच रुपयांवर आली, आणि प्रौढ मताधिकारावर कॉर्पोरेशनची पहिली निवडणूक १९४८ सालीं झाली. तात्पर्य, ज्या पन्नास वर्षांत मुंबईचा मध्यभाग नव्यानें आंखला गेला त्या पन्नास वर्षांत ज्याचें घर मोडलें त्यास मोबदलाही नव्हता आणि मतही नव्हतें.

घरांची टंचाई पहिल्या महायुद्धांत असह्य झाली तेव्हां १९१८ सालीं भाडेनियंत्रण आलें. गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांनीं १९२० सालीं डेव्हलपमेंट खातें काढून पन्नास हजार खोल्यांची प्रतिज्ञा केली. खर्चासाठीं कापसाच्या दर गांठीवर एक रुपया कर बसविला. प्रत्यक्षांत नायगांव, डिलाईल रोड, शिवडी व वरळी येथें मिळून २०७ चाळी उठल्या, खोल्या सुमारें साडेसोळा हजार. खोली १६० चौरस फुटांची. वरळीच्या चाळी कामाच्या जागेपासून लांब, आणि बाजार-दिव्यांची सोय अपुरी. त्यामुळें पुष्कळ खोल्या रिकाम्या राहिल्या व भाडीं उतरवावीं लागलीं. १९३० च्या कायदेभंगांत वरळीच्या कांहीं चाळींचा तात्पुरता तुरुंग झाला. जीं घरें मजुरांनीं पत्करलीं नाहींत तींत सरकारनें सत्याग्रही भरले! ट्रस्टचा कारभार १९३३ सालीं कॉर्पोरेशनकडे आला. त्याच बी. डी. डी. चाळींचें पुनर्बांधणीचें काम म्हाडानें २०१७ सालीं हातीं घेतलें; येथें मात्र भाडेकऱ्यास पांचशें चौरस फुटांचें घर मिळावयाचें असून ऑगस्ट २०२५ मध्यें वरळीच्या कांहीं कुटुंबांस किल्ल्याही मिळाल्या. शंभर वर्षांत भाडेकरू हा हक्कदार गणला गेला, तो अशा रीतीनें.

परंतु या चाळींची मालकी सरकारची होती. तालुक्याच्या पेठेंत घर खासगी, दुकानामागची वा माडीवरची खोली भाड्याची, आणि करार पुष्कळदां तोंडी. रस्त्यांत गेलेल्या जमिनीबद्दल विकासहक्क मिळतो तो मालकाच्या नांवें. नगरभूमापनाच्या उताऱ्यांत मालक सांपडतो. माडीवरचें बिऱ्हाड सांपडत नाहीं.

म्हणून कळंब व आसपासच्या वाचकांस आमची विनंति अशी कीं, जुन्या भाडेपावत्या, घरपट्टीचीं बिलें, निजामी काळच्या उर्दू-मोडी नोटिसा, आराखड्यांवर दिलेल्या हरकतींच्या नकला, जें कांहीं घरांतील पेटाऱ्यांत असेल त्याची प्रत मंडळाकडे पाठवावी. कागदावर भाडेकऱ्याचें नांव असल्यास तें अवश्य कळवावें; मालकांचीं नांवें आम्हांस कचेरींत मिळतात.